नागपूरचा साग, कोकणचं गलबत

वयाची सत्तेचाळीस वर्षं मी समुद्र पाहिला नव्हता आणि त्याची मला कधी खंतही वाटली नव्हती. आमच्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा हे तलाव आणि उन्हाळ्यात नळाला येईल तेवढं. माझा सगळा जन्म लाकडात गेला. नागपुरातल्या एका वखारीत मी बावीस वर्षं लाकूड पास करतो आहे. चांद्याच्या जंगलातून आलेल्या ओंडक्याभोवती फिरायचं, ठोकायचं, कान द्यायचा आणि पसंत पडला तर त्याच्या टोकावर वखारीचा छाप मारायचा, हे माझं काम. माझा छाप बसला की मालक पुन्हा पाहत नाहीत. हे मी लोकांना जरा मान ताठ करून सांगत असे.

पंचाहत्तर सालच्या आगेमागे, पौषात, कोकणातल्या एका खाडीकाठच्या मिस्त्रींचं कार्ड वखारीत आलं. आमच्याकडून नेलेल्या सागावर त्यांनी गलबत बांधलं होतं आणि माघी पौर्णिमेच्या भरतीला ते पाण्यात लोटायचं होतं. त्यांच्या कारखान्यात एक रीत आहे. गलबताच्या कण्याचं लाकूड ज्यानं निवडलं, त्यानं गलबत पहिल्यांदा पाण्यावर तरंगताना त्याच्यावर उभं राहायचं. म्हणून बोलावणं होतं, तेही माझ्या नावानं. आधीच्या एका गलबताच्या वेळीही असंच कार्ड आलं होतं, पण तेव्हा मालकांनी रजा दिली नव्हती. या वेळी दिली.

शांता, माझी बायको, म्हणाली, "तुमी एकटे जाऊन राहिले काय? मले का समुद्र पाह्यचा नाही?" झालं. संत्र्यांची करंडी, दशम्या, तिखटाचा डबा आणि आम्ही दोघं निघालो. गाड्या किती बदलल्या आणि एसटीत कोण कोणावर ओकलं ते सांगत बसत नाही. गावाचं नावही लिहीत नाही. मिस्त्रींनी लिहू नका म्हटलं आहे, आणि ते तसं का म्हणाले ते पुढं कळेलच.

त्रयोदशी

एसटीतून उतरलो तेव्हा दुपार होती आणि ओहोटी. मी समुद्र पाहायला मोठ्या तोऱ्यात निघालो होतो आणि समोर नुसता चिखल पसरलेला. त्यात चार बगळे. शांता म्हणाली, "हा समुद्र? यापेक्षा फुटाळा बरा." मग संध्याकाळी पाणी आलं, चिखल गेला, आणि जिथं आम्ही उभे होतो तिथं गुडघाभर लाटा. तेव्हा मात्र तिनं चपला हातात घेतल्या आणि पाण्यात शिरली.

कारखाना म्हणजे खाडीच्या उतारावर माडाच्या झावळ्यांची एक लांबलचक शाकार आणि तिच्यापुढं उभं असलेलं गलबत. मी ते पाहिलं आणि पाहतच राहिलो. आमच्या रामदासपेठेतलं दोन मजली घर असावं, तेवढं ते जमिनीवर लाकडी टेकूंच्या आधारानं उभं होतं. मिस्त्री सत्तरीचे, अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "नागपूरवाले! आलात, बरं केलात. तुमचं लाकूड बगा कसं बसलंय."

कोपऱ्यात वाकड्यातिकड्या लाकडांचा ढीग होता. आमच्याकडे असलं लाकूड आम्ही सरपणात घालतो. मी तसं बोलूनही गेलो. मिस्त्री हसले. "सरळ लाकूड कुणीही देईल ओ. गलबताच्या फासळ्या वाकड्या. त्या करवतीनं वाकड्या कापल्या तर धागा तुटतो, मोडतात. झाडच वाकडं वाढलेलं लागतं. ते आमी माणसासारखं शोधत फिरतो." बावीस वर्षांत मी किती फासळ्या चुलीत घातल्या याचा हिशेब करायचं मी टाळलं.

रात्रीचं जेवण भात, सकाळचं जेवण भात, आणि मधल्या वेळी पेज, तीही भाताचीच. मिस्त्रींच्या बायकोनं तिसऱ्यांचं कालवण वाढलं. शिंपल्यांसकट. शांतानं ताटाकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हे गिट्टी काहून वाढली?" चव घेतल्यावर मात्र तिनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. आमचा तिखटाचा डबा मिस्त्रींनी उघडला, बोटभर चाटला आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. विहिरीचं पाणी शेंदायला नको म्हणून शांतानं खाडीत कपडे धुतले, तर साबणाला फेसच येईना. "पाणी बेइमान आहे," असं तिनं जाहीर केलं.

चतुर्दशी

सकाळी मिस्त्रींनी मला शाकारीच्या आत नेलं. आडव्या वाशाला ओळीनं लाकडाचे वीतवीत तुकडे टांगलेले होते, काही इतके जुने की काळे पडलेले. गलबताचा जो तळाचा कणा, ज्याला हे लोक पठाण म्हणतात, तो मापाला कापताना उरलेला तुकडा टांगून ठेवायचा, अशी इथली पद्धत. वही नाही, नकाशा नाही. गलबतही नकाशावर बांधत नाहीत, डोळ्यानं आणि सुतळीनं बांधतात. कारखान्याचा सगळा इतिहास त्या वाशावर लोंबकळत होता.

मिस्त्री एकेक तुकडा हातात घेऊन सांगत गेले. हा आजोबांचा, ऐनाचा, कौलं वाहायच्या गलबताचा. हा बापाचा, तो मिठावर चाले. हा मलबारच्या सागाचा. त्या गलबतानं आंबेही नेले आणि एकदा लग्नाचं अख्खं वऱ्हाडही. एक तुकडा त्यांनी नुसता हातात धरला आणि परत टांगला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते आलं नाय परत." पुढं लढाई आली, मलबारचं लाकूड मिळेना, मग ट्रक आले आणि गलबतंच कोणी मागेना. एका वेळी उतारावर तीन गलबतं उभी असायची. आता दोन-तीन वर्षांत एखादं. शेवटचे दोन तुकडे नवे होते. "हे दोन तुमचे. नागपूरचे. एकावर आमचा सदानंद हाय." सदानंद हा त्यांचा मुलगा. तो त्या गलबताचा तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होता आणि मलबारहून कौलं भरून परत यायला निघाला होता.

मग आम्ही नव्या गलबताखाली वाकून गेलो. मिस्त्रींनी पठाणावर थाप मारली. टोकाशी माझा छाप होता. त्याच्या बाजूला मापाचा आकडा, माझ्या हातचा.

आणि तो ओंडका मला आठवला.

एरवी आठवला नसता. लांबीमुळे आठवला. इतका लांब, एकसंध, सरळ साग वर्षात एखादा येतो. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर ट्रक उभा होता, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, आणि मी ठोकत ठोकत चाललो असताना मधल्या भागाच्या जरा पुढं आवाज बद्द आला होता. तासून पाहिलं तर मुठीएवढं भोक, आत सडकं. अशा वेळी आमच्याकडे जे करतात तेच मी केलं. माणसाला बोलावलं. त्यानं सडकं खरवडलं, लाख वितळवून त्यात भुसा कालवून भोक भरलं, रंधा मारला, तेल चोळलं. मी छाप मारला. आमच्या धंद्यात हिला कोणी लबाडी म्हणत नाही. डागडुजी म्हणतात. घराच्या तुळईला असलं बूच असलं तर तीन पिढ्या काही होत नाही. माल कोकणात जातो आहे एवढं मला माहीत होतं. कोणाकडे आणि कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं; आधीचं कार्ड मला आठवलंही नाही.

मी मिस्त्रींना सहज विचारल्यासारखं विचारलं, "पठाण आतून कुठं कच्चं असलं तर काय होते?"

"होतंय काय? खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी हाय. भरलेलं गलबत तिच्यावर घासतंच कधी ना कधी. पठाण चांगलं असलं तर धक्का खाऊन पुढं जातं. कच्चं असलं तर मधून दोन तुकडे." त्यांनी हातातली काडी मोडून दाखवली. "म्हणून तर निवडणाऱ्याला वर उभं करतो आमी. जो वर उभा राहणार, तो लाकूड नीट बगतो."

मी बाहेर आलो. पठाणावर काळं तेल चढवलेलं होतं, त्यामुळे बूच कुठं आहे ते दिसत नव्हतं. दोनदा काहीतरी निमित्त काढून मी खाली जाऊन बोटं फिरवली. काही लागलं नाही. आमचा माणूस कामात फार वाकबगार आहे.

दिवसभर लोक येत होते. गलबताचा मालक, ज्याला सगळे नाखवा म्हणत, दोन गावांना आमंत्रण देऊन आला. त्यानं माझ्यासाठी फेटा आणला होता. मिस्त्रींच्या घरात पाट मांडून मला सगळ्यांच्या आधी वाढलं. मी भात ताटात इकडून तिकडे सारत राहिलो. मला मरणाची भीती वाटली हे खरं सांगतो, पण त्याहून जास्त भीती वाटली ती त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची. आणि वखारीची. आणि माझ्या बावीस वर्षांची. एक मन म्हणत होतं, बूच पक्कं आहे, काही होणार नाही. दुसरं म्हणत होतं, काही झालंच तर ते नागपुरात कळणारही नाही. हे दुसरं मन माझंच होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दिवेलागणीला मी शांताला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. एरवी ती मधे दहा वेळा बोलते.

"मंग इथं काय करून राहिले बसून?" ती म्हणाली.

"अवं, मालक मले काढून टाकतीन."

"टाकू द्या. त्या गलबतावर माणसं बसतीन नं? तुमी जाऊन नाही सांगत, तं मी सांगीन. मले काय, मी तं गिट्टी खाणारी बाई."

मी गेलो. मिस्त्री ओट्यावर बसले होते, शेजारी नाखवा. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, भोंगा, लाख, भुसा, छाप, सगळं. बोलताना माझी गावाकडची बोली आपोआप बाहेर आली आणि ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मी म्हणालो, "मले माहीत नव्हतं का हे गलबताले लागते. पण मी इचारलंही नाही."

मिस्त्री उठले, भिंतीवरचं गिरमिट घेतलं आणि कंदील माझ्या हातात दिला. गलबताखाली जाऊन मी अंदाजानं जागा दाखवली. त्यांनी पठाणाच्या कुशीत गिरमिट टेकवून फिरवायला सुरुवात केली. पिवळा भुसा पडला. थोडं पुढं सरकून दुसरं भोक. पिवळा भुसा. नाखवा म्हणाला, "बस्स करा, काय नाय." तिसऱ्या भोकाला गिरमिट एकदम सैल झालं आणि मिस्त्रींच्या तळहातावर लाल पूड आली. त्यामागून काळा, ओलसर चुरा. लाख भरली होती तिच्याही आत लाकूड सडत गेलं होतं.

नाखव्यानं माझी कॉलर धरली. त्यानं मला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं खोटं काहीच नव्हतं. मिस्त्रींनी त्याचा हात सोडवला. "उद्या लोटायचं नाय," एवढंच ते म्हणाले.

पौर्णिमा

भरती दुपारी बाराच्या सुमाराला होती. निरोप कोणाकोणाला पाठवणार? दोन गावं आली. ढोलवाले आले, बायका नव्या साड्या नेसून आल्या, गलबताच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हार घातलेला होता तो कोणी काढला नाही. मिस्त्रींच्या आजोबांपासून ठरलेलं लोटणं या कारखान्यात कधी चुकलं नव्हतं. पाणी उतारावर चढत चढत गलबताच्या मागच्या टेकूंपर्यंत आलं, तिथं घटकाभर थांबलं आणि ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं उतरायला लागलं.  ढोलवाले ढोल मांडीवर घेऊन बसून होते. लोकांना कारण सांगितलं नव्हतं, पण माझ्याकडे बघून त्यांना ते कळत असावं. मी शाकारीत जाऊन लपलो नाही, कारण शांता माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं माझ्या बंडीचं टोक धरून ठेवलं होतं.

लोक पांगल्यावर मिस्त्री माझ्याजवळ आले. बांधकाम खोलायचं, सडका भाग काढून नवा साग सांधायचा, पुढची पौर्णिमा गाठायची, असं त्यांनी नाखव्याला पटवलं होतं. मला वाटलं, आता मला दोन शब्द सुनावतील आणि मी मोकळा होईन.

त्यांनी विचारलं, "आदल्या गलबताचं पठाण? सदानंदाचं? तेपण तुमीच पास केलंत. त्यात लाख हाय काय?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. तो ओंडका कधी आला, कोणत्या ट्रकातून गेला, त्याला बूच बसवलं की नाही. ते गलबत लहान, त्याचा ओंडका लांबीत उठून दिसणारा नव्हता. त्या वर्षात मी शेकड्यांनी ओंडके पास केले होते आणि कितीकांना लाख भरली होती. ती गोष्ट माझ्या लेखी इतकी किरकोळ होती की लक्षात ठेवण्याजोगी नव्हती.

"आठवत नाही," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान हलवली आणि खाडीच्या तोंडाकडे बघत बसले. "त्या टायमाला तुमाला रजा नव्हती," ते म्हणाले. "मी उभा राहिलो होतो वर, तुमच्या जागी." हे त्यांनी ठपका ठेवून म्हटलं नाही. ठेवला असता तर मला सोपं गेलं असतं.

वद्य प्रतिपदा

आमचं परतीचं तिकीट होतं. आम्ही गेलो नाही. सकाळी मिस्त्री सदानंदाची वाट बघत दांडीसमोरच्या खडकावर जाऊन बसले, मग मी गेलो, मग शांता, मग मिस्त्रींची बायको. नाखवाही आला. माझ्यापासून लांब बसला, पण आला.

अकराच्या आधीच शीड दिसलं. मिस्त्रींनी ते ओळखलं आणि ताडकन उभे राहिले. "आत्ता नको रे! थांब, पाणी भरू दे!" भरती पुरी व्हायला दोन तास होते. दांडीवर अजून पुरेसं पाणी नव्हतं. सदानंदाला आदल्या दिवशीच्या लोटण्याला पोचायचं होतं, ते चुकलं म्हणून तो घाईनं येत होता, हे मागाहून कळलं. एरवी कोणी काळजी केली नसती. दांडीवर थोडं घासणं हे इथं रोजचंच.

वारा पाठीशी होता. मिस्त्री धोतर सोडून दोन्ही हातांनी ते हलवायला लागले, आम्ही सगळे ओरडायला लागलो. गलबतावरच्या खलाशांनी आम्हाला पाहिलं आणि आनंदानं हात हलवले. गलबत कौलांनी भरलेलं होतं, कडेपर्यंत पाण्यात बुडालेलं. दांडीवर पाणी फुटत होतं त्या पांढऱ्या रेघेत ते शिरलं. मग थांबलं. डोलकाठी पुढं झुकली. एक लांब, घोगरा आवाज आमच्यापर्यंत आला. लाकूड बोलतं ते मला कळतं, पण असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. शांतानं माझा दंड इतका आवळला की चार दिवस वळ होते. मिस्त्रींची बायको खाली बसली आणि तिनं डोक्यावर पदर ओढून घेतला. मागून लाट आली, गलबत उचललं गेलं, पुन्हा आदळलं, पुन्हा तोच आवाज. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की मला आठवत नाही.

तिसऱ्या लाटेनं ते पलीकडे आलं.

ओहोटीला गलबत चिखलात टेकलं तेव्हा चार वाजले होते. सदानंद खाली उतरायच्या आत मिस्त्रींनी गिरमिट आणलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमी पाडा," म्हणाले. मी चिखलात आडवा झालो. पहिलं भोक, पिवळा भुसा. सागाचा तो वास आला आणि माझे डोळे भरले. दुसरं, तिसरं, चौथं. पठाणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी सरपटत गेलो. मिस्त्री मागून प्रत्येक भोकात लाकडाची खुंटी ठोकत येत होते. कुठंही लाल पूड आली नाही. मी परत फिरलो आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "पुरे. चाळण करताय काय गलबताची?"

मी उठलो. केसांपासून पायांपर्यंत चिखल. समोर सदानंद उभा होता, तिशीचा, उन्हानं रापलेला, हसरा. दांडीवर आपटलं म्हणून तळ तपासतोय, एवढंच बापानं त्याला सांगितलं होतं.

"नागपूरवाले म्हंजे तुमीच ना?" तो म्हणाला. "काय लाकूड दिलंत ओ! दोन वर्षं झाली, असल्या दांड्या किती खाल्ल्या त्यानं. आज तर दोनदा आपटलं. दुसरं असतं तर आमी आज तुमाला दिसलो नसतो." आणि सगळ्या खलाशांच्या देखत तो माझ्या पाया पडायला वाकला.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते हातातली उरलेली खुंटी फिरवत उभे होते. मनात आणलं असतं तर मी हात वर करून आशीर्वाद देऊ शकलो असतो. त्यांनी मला अडवलं नसतं.

मी त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं.

"नको, भाऊ," मी म्हणालो. "हे लाकूड मी निवडलंच नाही, नुसता छाप मारला. मले ते आठवतही नाही."